आराखडा घराचा आणि व्यवसायाचाही

बिलोली, प्रतिनिधी

दुसऱ्याच्या घराचा इंच न् इंच मोजणारा माणूस स्वतःच्या व्यवसायाचे मोजमाप मात्र क्वचितच घेतो. अंतर्गत सजावटीच्या क्षेत्रात हा अनुभव नवा नाही. तीन ठिकाणी कामे सुरू असतात, फोनला उसंत नसते, नवी गिऱ्हाइके विचारणा करीत असतात. तरीही आठवड्याच्या शेवटी मिस्त्रींची मजुरी चुकती करण्याची वेळ आली की, पुढच्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेकडे डोळे लावून बसावे लागते. काम नाही म्हणून बंद पडलेल्या व्यवसायांपेक्षा काम असूनही हिशेब न जुळल्याने बंद पडणारे व्यवसाय अधिक दुःखद म्हटले पाहिजेत. पुण्या-हैदराबादला नोकरी करण्याऐवजी आपल्याच गावी पाटी लावण्याचा विचार करणाऱ्या तरुणांसाठी तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा आहे. कारण तालुक्याच्या गावात व्यवसाय फसला की, पैशाबरोबर नावही जाते आणि ते परत मिळविणे कठीण असते.

बिलोलीसारख्या सीमेवरील तालुक्यात इंटिरिअर डिझायनरने व्यवसायाची आखणी कशी करावी, याचा विचार महानगरांच्या फूटपट्टीने करून चालणार नाही. येथील ग्राहक वेगळा, पैसा येण्याचे महिने वेगळे आणि कामाचा टापूही दोन राज्यांत विभागलेला आहे. या तिन्ही गोष्टी ध्यानात घेऊन केलेला आराखडाच टिकू शकतो.

ढेळजेपासून मॉड्युलर किचनपर्यंत

मराठवाड्यातील जुन्या घरांना अंतर्गत सजावटीची गरज नव्हती, असे म्हणणे बरोबर होणार नाही. ती सजावट घराच्या बांधणीतच असे. माळवदाच्या घरात सागवानी तुळया, कोरीव खांब, भिंतीतच घेतलेले कोनाडे आणि देवळ्या, बाहेर ढेळज, आत धान्याची कोठी अशी प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. घर किती मोठे, हे खणांवरून सांगितले जाई. सुतार आणि गवंडी हेच त्या काळचे सजावटकार होते. पुढे वस्तू बाजारातून विकत घेण्याचा काळ आला. गोदरेज कंपनीने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनविण्यास प्रारंभ केला आणि पुढील अनेक दशके लोखंडी कपाट हे मध्यमवर्गीय घरातील प्रतिष्ठेचे लक्षण ठरले.

आता माळवदाची जागा स्लॅबने घेतली आणि कपाट पुन्हा भिंतीत गेले. मात्र, या वेळी ते प्लायवूडचे झाले. स्वयंपाकघराचा ओटा, दूरदर्शन संचामागील भिंत, छताखालचे पीओपी, मुलांच्या अभ्यासाची जागा यांचा विचार घर बांधतानाच होऊ लागला. घरांबरोबरच कापड आणि सराफी दुकाने, दवाखाने, औषधांची दुकाने, शिकवणी वर्ग व मंगल कार्यालये यांनाही मांडणीचे महत्त्व पटू लागले आहे. म्हणजे मागणी आहे. प्रश्न आहे तो ही मागणी किती, कोणत्या अंतरावर आणि कोणत्या भावाने पूर्ण करणे परवडते, याचा.

कामाचा टापू ठरवा

व्यवसायाच्या आराखड्याचे पहिले पान नकाशाचे असावे. बिलोली गावात वर्षभर पुरेल एवढे मोठे काम मिळेलच असे नाही. परंतु कुंडलवाडी, सगरोळी, धर्माबाद, नायगाव, नरसी, देगलूर हा सारा परिसर जवळचा आहे. मांजरा नदीवरील येसगीचा पूल ओलांडला की, तेलंगणातील सालुरा आणि पुढे बोधन लागते. मांजरेच्या पात्रातील वाळू जशी सीमेपलीकडील बांधकामांवर जाते, तसा येथील कारागीरही जाऊ शकतो. भैंसा-मुधोळ तसेच बिचकुंदा-जुक्कल हा भाग १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नांदेड जिल्ह्यातच होता. तेथील अनेक कुटुंबांत आजही मराठी बोलली जाते आणि सोयरिकी दोन्हीकडे आहेत. मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा जाणणारा व्यावसायिक हे या भागाचे मोठे बलस्थान ठरते.

मात्र, टापू वाढला की खर्चही वाढतो. कामाच्या जागेवर आठवड्यातून तीन वेळा जावे लागत असेल, तर पेट्रोल आणि वेळ या दोहोंची किंमत कामाच्या अंदाजपत्रकात धरली पाहिजे. दररोज जाऊन संध्याकाळी परत येता येईल, एवढ्या अंतरावर घरांची कामे आणि त्यापलीकडे फक्त मोठी, सलग चालणारी कामे असा साधा नियम केला, तरी पुष्कळ ओढाताण टळते. नांदेड शहरात स्थिरावलेल्या व्यावसायिकांशी भावाची स्पर्धा करण्यात अर्थ नाही. ज्या ग्राहकाला 'हाक मारली की येणारा' माणूस हवा आहे, तो आपला ग्राहक होय.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. शहरातील नमुन्यांची हुबेहूब नक्कल करणारा डिझायनर या भागात फार काळ टिकत नाही. येथे शेतकरी कुटुंबाला वर्षाचे धान्य ठेवायला जागा लागते, लग्नकार्यात वीस-पंचवीस पाहुणे उतरतात आणि देवघराची दिशा ठरलेली असते. काळ्या मातीत पाया असलेल्या भिंतींना भेगा जातात, ओल धरते, वाळवी लागते. अशा भिंतीला थेट चिकटविलेले फर्निचर दोन-तीन पावसाळ्यांत तक्रारीचे कारण बनते. पाठीमागे मोकळी जागा सोडणे, वाळवीप्रतिबंधक उपाय आधी करून घेणे आणि ओट्याखाली आयएस ७१० प्रमाणाचे पाण्याला टिकणारे प्लाय, तर कोरड्या जागी आयएस ३०३ प्रमाणाचे प्लाय वापरणे, हे ज्ञान म्हणजेच स्थानिक व्यावसायिकाचे भांडवल आहे.

भाव फुटावर, खर्च पत्र्यांवर

गावाकडे फर्निचरचा भाव समोरून दिसणाऱ्या चौरस फुटावर सांगण्याची पद्धत आहे. ग्राहकाला ती समजते, पण व्यावसायिकाला अनेकदा तीच बुडविते. एक उदाहरण पाहू. सात फूट उंच, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल असे तीन कप्प्यांचे कपाट घेतले, तर समोरून ते ४२ चौरस फूट भरते. आता प्रत्यक्ष प्लाय मोजा. दोन बाजू आणि आतील दोन उभ्या फळ्या मिळून ५६ चौरस फूट, वरची आणि खालची फळी २४, प्रत्येक कप्प्यात चार याप्रमाणे बारा आडव्या फळ्या ४८ आणि दरवाजे ४२. बेरीज होते १७० चौरस फूट, म्हणजे दर्शनी मापाच्या चौपट. आठ बाय चारचा एक पत्रा ३२ चौरस फुटांचा असतो. कापणीतील वाया जाणारे तुकडे धरून सहा पत्रे लागतात. मागच्या बाजूच्या पातळ प्लायचे दोन पत्रे वेगळे. ग्राहकाने ऐनवेळी 'आत चार ड्रॉवर करा' असे सांगितले, तर प्लाय, चॅनल आणि मजुरी तिन्ही वाढतात. दर्शनी माप मात्र तेवढेच राहते.

म्हणून अंदाजपत्रक आतून पत्रे मोजून करावे आणि ग्राहकाला भाव फुटावर सांगायचा असेल, तरी आतील रचना लेखी नमूद करावी. ड्रॉवर किती, बिजागऱ्या कोणत्या, सनमायका कोणत्या भावापर्यंतचा, हे कागदावर असले की वाद उरत नाहीत. साहित्याचे भाव बदलत असल्याने अंदाजपत्रक किती दिवस ग्राह्य राहील, हेही त्यावर लिहावे.

ठेका की मानधन?

या व्यवसायात उत्पन्नाचे दोन मार्ग आहेत. पहिला साहित्यासह पूर्ण कामाचा ठेका घेण्याचा. दुसरा केवळ आराखडा आणि देखरेखीचे मानधन घेण्याचा. यात साहित्य ग्राहक स्वतः विकत घेतो आणि मिस्त्रीची मजुरीही तोच देतो. बहुतेक तरुण पहिला मार्ग धरतात, कारण त्यात आकडे मोठे दिसतात. पण आकडे मोठे म्हणजे कमाई मोठी, असे नव्हे.

समजुतीसाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. सहा लाख रुपयांचा एक ठेका धरा; जीएसटी यात धरलेला नाही. साहित्य ३ लाख ६० हजार, मजुरी दीड लाख, वाहतूक व किरकोळ खर्च १८ हजार. हाती उरतात ७२ हजार, म्हणजे शंभरास बारा. आता कार्यालयाचा महिन्याचा खर्च पाहा. भाडे ६ हजार, एका साहाय्यकाचा पगार १४ हजार, वीज-फोन-संगणक ४ हजार, पेट्रोल ६ हजार आणि घरखर्चासाठी स्वतःचे २५ हजार. एकूण ५५ हजार. हे काम दोन महिने चालले आणि त्या काळात दुसरे काम नसले, तर १ लाख १० हजारांच्या खर्चासमोर ७२ हजार आले. म्हणजे सहा लाखांचे काम करूनही ३८ हजारांचा तोटा झाला. हीच दोन कामे एकाच वेळी चालविली, तर १ लाख ४४ हजार येऊन ३४ हजार शिल्लक राहतात.

वर्षाचा स्थिर खर्च ६ लाख ६० हजार रुपये होतो. तो भरून काढण्यासाठी ठेका पद्धतीत अशी किमान दहा कामे, म्हणजे ६० लाखांची उलाढाल करावी लागेल. मानधनाच्या पद्धतीत त्याच कामाचे दहा टक्के, म्हणजे ६० हजार रुपये मिळाले, तर अकरा कामांत तेवढीच रक्कम उभी राहते. फरक फक्त एका कामाचा आहे. परंतु पहिल्या पद्धतीत साठ लाखांच्या कामांतील साहित्याची आणि मजुरीची जोखीम डोक्यावर असते. दुसरीत ती जवळजवळ नसते. एका ग्राहकाने शेवटचे ७५ हजार बुडविले, तर ठेकेदाराचा एका पूर्ण कामाचा नफा जातो.

अर्थात, 'नुसत्या कागदाचे पैसे कशाला?' हा प्रश्न गावाकडे हमखास विचारला जातो. त्यावर मधला मार्ग काढता येतो. मोजमाप आणि प्राथमिक आराखड्यासाठी ठराविक लहान शुल्क घ्यावे आणि काम मिळाल्यास ते एकूण रकमेतून वजा करावे. फुकट आराखडा घेऊन दुसऱ्या मिस्त्रीकडून काम करून घेणारे यामुळे आपोआप दूर राहतात. नवख्या व्यावसायिकाने पहिल्या वर्षी दोन-तीनच ठेके घ्यावेत आणि उर्वरित कामे मानधनावर करावीत, हा सुरक्षित मार्ग आहे.

मानधनाच्या पद्धतीत एक पथ्य पाळावे लागते. प्लायवूड आणि हार्डवेअरच्या दुकानांकडून डिझायनरला कमिशन मिळण्याची प्रथा सर्वत्र आहे. ग्राहकाकडून मानधन घ्यायचे आणि दुकानदाराकडून गुपचूप कमिशनही, हे लहान गावात फार दिवस लपत नाही. कमिशन घ्यायचे असेल तर ते ग्राहकाला सांगून घ्यावे किंवा तेवढी सूट ग्राहकालाच मिळवून द्यावी. ही सूटच पुढच्या तीन ग्राहकांची शिफारस ठरू शकते.

आगाऊ रक्कम ही कमाई नव्हे

या व्यवसायाचे खरे दुखणे नफ्यात नसून पैशाच्या वेळेत आहे. वरील सहा लाखांच्या कामात पहिल्याच महिन्यात सर्व साहित्य आणि निम्मी मजुरी धरली, तर वाहतूक वगळता ४ लाख ३५ हजार रुपये लागतात. ग्राहकाकडून पंचवीस टक्के, म्हणजे दीड लाख घेऊन काम सुरू केले, तर २ लाख ८५ हजारांची खिंडार पडते. ती भरण्यासाठी दुकानदाराची उधारी घेतली जाते आणि उधारीचा माल रोखीपेक्षा महागच पडतो. किंवा मग दुसऱ्या ग्राहकाची आगाऊ रक्कम या कामात वळविली जाते. तिसऱ्याची दुसऱ्यात, चौथ्याची तिसऱ्यात अशी ही साखळी सुरू होते आणि ज्या महिन्यात नवे काम येत नाही, त्या महिन्यात ती तुटते. चूक मात्र त्या महिन्यात झालेली नसते. ती पहिल्या दिवशीच झालेली असते.

यावर उपाय हप्त्यांच्या रचनेत आहे. आराखडा मंजूर होताना दहा टक्के, साहित्य खरेदीपूर्वी चाळीस, सांगाडे उभे राहिल्यावर तीस, दरवाजे व सनमायका बसविण्यापूर्वी पंधरा आणि काम ताब्यात देताना पाच टक्के अशी विभागणी करता येईल. या रचनेत खरेदीच्या वेळी तीन लाख हाती असतात. सांगाडे उभे राहिल्यावर १ लाख ८० हजार आले की, एकूण जमा ४ लाख ८० हजार होऊन तोपर्यंतचा खर्च भागतो. पाच टक्के शेवटी राखून ठेवल्याने ग्राहकालाही काम पूर्ण होण्याची खात्री वाटते.

प्रत्येक कामाची स्वतंत्र वही असावी. शक्य असल्यास व्यवसायाचे बँक खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे. महिन्याच्या एक तारखेला एकच आकडेमोड करावी. ग्राहकांकडून घेतलेली, पण अद्याप कामात न लागलेली रक्कम किती? आणि बँकेतील शिल्लक व गोदामातील माल मिळून किती? पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल, तर आपण दुसऱ्यांचे पैसे खर्च करीत आहोत, असे समजावे आणि नवी यंत्रे, नवी गाडी, कार्यालयाची सजावट हे सारे तत्काळ थांबवावे.

पंचांग आणि पीकपाणी

महानगरातील ग्राहकाचा पगार दर महिन्याला येतो. बिलोली परिसरातील ग्राहकाचा पैसा पिकाबरोबर येतो. मूग-उडदाचे पैसे आधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे, त्यानंतर कापसाचे, पुढे तूर-हरभऱ्याचे आणि धर्माबादच्या बाजारात मिरचीचे. व्यापाऱ्याचा आणि डॉक्टरचा पैसाही शेवटी याच चक्रावर फिरतो. म्हणून शेतकरी ग्राहकाचा मोठा हप्ता जुलैमध्ये ठेवणे म्हणजे स्वतःच अडचण ओढवून घेणे होय. कामाची सुरुवात आणि हप्त्यांच्या तारखा सुगीशी जुळवून घ्याव्यात.

कामांनाही हंगाम आहे. दुकानांना दसरा-दिवाळीपूर्वी मांडणी पूर्ण हवी असते, शिकवणी वर्गांना जूनपूर्वी, तर लग्नघरांना तुळशी विवाहानंतरच्या किंवा उन्हाळ्यातील मुहूर्तांपूर्वी. पितृपक्षात नवे काम सुरू होत नाही. अधिक मासात लग्ने आणि वास्तुशांती होत नाहीत. २०२६ च्या पंचांगात १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ आहे. एरवी भरगच्च असणारा काळ त्यामुळे रिकामा पडतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, रंग आणि पॉलिश वाळत नाही. परप्रांतीय कारागीर होळी-दिवाळीला गावी जातात आणि ठरलेल्या दिवशी परततीलच, असे नाही. वर्षाचे बारा रकाने आखून त्यांत हे सर्व आधीच भरले, तर कोणत्या महिन्यांत कार्यालयाचा खर्च मागील शिलकीतून करावा लागेल, हे स्पष्ट दिसते. किमान तीन महिन्यांचा स्थिर खर्च, म्हणजे वरील उदाहरणात १ लाख ६५ हजार रुपये, बाजूला ठेवणे ही चैन नसून गरज आहे.

शिवाय मराठवाड्यात वाईट वर्ष हा अपवाद नाही. २०१५-१६ चा दुष्काळ विस्मरणात गेलेला नाही. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील अतिवृष्टीने तर हाताशी आलेले खरीप पीक पाण्यात गेले. अशा वर्षी शेतकरी सर्वप्रथम घराचे काम थांबवितो आणि ते योग्यही असते. काम मध्येच थांबल्यास तोवरचा हिशेब कसा होईल, आणलेल्या साहित्याची मालकी कोणाची, पुन्हा काम सुरू करताना कोणते भाव लागू होतील, हे करारात आधीच लिहिलेले असेल तर ग्राहकाशी संबंध तुटत नाहीत.

पुलापलीकडचे काम आणि जीएसटी

सीमेवरील व्यावसायिकाने कराच्या बाबतीत विशेष दक्षता घेतली पाहिजे. स्थावर मालमत्तेशी संबंधित सेवा ही ती मालमत्ता जेथे आहे, तेथे दिली गेली, असे जीएसटी कायदा मानतो आणि त्यात इंटिरिअर डेकोरेटरचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे बिलोलीच्या कार्यालयात बसून बोधनमधील घराचा आराखडा केला, तरी ती आंतरराज्य सेवा ठरते आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला त्यावर एकात्मिक, म्हणजे आयजीएसटी आकारावा लागतो.

सेवा पुरविणाऱ्यांना वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांपर्यंत असल्यास सामान्यतः नोंदणीची सक्ती नाही. आंतरराज्य सेवेलाही ही सवलत लागू आहे. परंतु नुसत्या वस्तू, उदाहरणार्थ तयार कपाट किंवा टेबल, परराज्यातील ग्राहकाला विकल्यास सामान्यतः उलाढाल कितीही असली तरी नोंदणी करावी लागते. इमारतीत बसवून देण्याचा साहित्यासह ठेका हाही कायद्याच्या दृष्टीने सेवाच मानला जातो आणि त्यावर साधारणपणे १८ टक्के कर लागतो. सहा लाखांचे काम ग्राहकाला ७ लाख ८ हजारांना पडते. घरगुती ग्राहकाला या कराचा परतावा मिळत नाही. त्यामुळे अंदाजपत्रक देतानाच करासह रक्कम सांगणे श्रेयस्कर.

लहान सेवा व्यावसायिकांसाठी ५० लाखांपर्यंतच्या उलाढालीवर सहा टक्के कराची आपसमेळ योजना आहे. ती सोपी वाटते, पण तिच्यात दोन अटी आहेत. ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि परराज्यात सेवा किंवा माल पुरविता येत नाही. म्हणजे पुलापलीकडची कामे घ्यायची असतील, तर ही योजना उपयोगाची नाही. परराज्यातून ५० हजारांपेक्षा अधिक किमतीचा माल आणताना ई-वे बिलही लागते. ठेका की मानधन, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने करापाशीही येऊन पोहोचते. मानधनावर काम करणाऱ्याची उलाढाल लहान राहते आणि तो दीर्घकाळ या व्यापातून मुक्त राहू शकतो.

पाटी, नोंदणी आणि कर्ज

इंटिरिअर डिझायनर म्हणून व्यवसाय करण्यास स्वतंत्र परवान्याची आवश्यकता नाही. मात्र, १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी असल्याखेरीज पाटीवर 'आर्किटेक्ट' असे लिहिता येत नाही. इमारतीचे खांब, तुळया किंवा भिंती हलविण्याचा सल्ला अभियंत्याविना देऊ नये, हेही ओघाने आलेच. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ठराविक संख्येपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला केवळ सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. ती पहिल्या कामाआधीच करावी. लघुउद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. रुग्णालय, शिक्षण संस्था वा दुकान यांच्याकडील थकबाकीसाठी याचा आधार घेता येतो. साहित्यासह ठेक्यांना हा कायदा लागू होतो का, याविषयी न्यायालयांत वाद झाले आहेत. म्हणून सेवेचे मानधन करारात वेगळे दाखविणे हिताचे.

आयकर कायद्यात अंतर्गत सजावटीचा समावेश व्यवसायिक सेवांत आहे. त्यामुळे ५० लाखांपर्यंतच्या, आणि रोखीचा वाटा पाच टक्क्यांपेक्षा अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंतच्या जमेवर किमान निम्मी रक्कम उत्पन्न दाखवून तपशीलवार हिशेबवह्यांतून सूट मिळू शकते. ठेक्याच्या उत्पन्नाला मात्र वेगळे नियम लागतात. या बाबतीत सनदी लेखापालाचा सल्ला वर्षाच्या सुरुवातीला घ्यावा, विवरणपत्राच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे.

भांडवलासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे. मात्र, कर्ज कशासाठी, याचे उत्तर आधी हवे. दररोज वापरात येणारे कटर, करवत, लेसर मोजपट्टी यांसाठी घेतलेले कर्ज स्वतःची परतफेड करते. काचेच्या कार्यालयासाठी घेतलेले कर्ज मात्र ५५ हजारांच्या मासिक खर्चात आणखी एका हप्त्याची भर घालते. वडिलांनी शेत गहाण ठेवून उभा केलेला पैसा तर पहिल्या वर्षी अजिबात गुंतवू नये.

मिस्त्री हाच कणा

आराखडा डिझायनरचा असला, तरी काम मिस्त्रीच्या हातून उतरते. चांगला मिस्त्री टिकविणे हा व्यवसायाच्या आराखड्याचाच भाग समजला पाहिजे. त्याची मजुरी वेळेवर आणि मोजमापावर द्यावी, उचल दिल्यास तिची नोंद दोघांच्या वहीत असावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात सुतारांचा समावेश असून प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने कर्जाची तरतूद आहे. वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केलेल्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करता येते. वर्षाला २० रुपये हप्त्याच्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. कटर आणि ग्राइंडरवर दिवसभर हात चालविणाऱ्या माणसासाठी एवढे करून देणे ही डिझायनरची नैतिक जबाबदारी आहेच. शिवाय असा मिस्त्री दहा-वीस रुपये जास्त मिळाले म्हणून सोडून जात नाही, हा व्यवहारही त्यात आहे.

एका पानाचा आराखडा

या सर्व विवेचनाचे सार एका पानावर मावते. वर कामाचा टापू, त्याखाली महिन्याचा स्थिर खर्च, वर्षात लागणारी किमान कामे, एका वेळी झेपणारी जास्तीत जास्त कामे, हप्त्यांची रचना, बारा महिन्यांचे रकाने आणि बाजूला ठेवलेली तीन महिन्यांची रक्कम. हे पान कार्यालयाच्या भिंतीवर लावावे आणि दर दिवाळी पाडव्याला, वही-पूजनाच्या दिवशी, नव्याने लिहावे.

त्या पानाचा सर्वांत मोठा उपयोग 'नाही' म्हणण्यासाठी होतो. आगाऊ रक्कम न देणारा ओळखीचा माणूस, टापूबाहेरचे मोठे दिसणारे काम, दिवाळीच्या आठ दिवस आधी आलेले घाईचे दुकान यांना नम्रपणे नकार देण्याचे बळ या पानातून मिळते. नाकारलेल्या कामाने व्यवसाय बुडत नाही, पण न झेपणारे काम स्वीकारल्याने तो बुडतो. ज्याच्या घराची किल्ली आपण वेळेवर परत दिली, तो ग्राहक गावभर सांगतो. ज्याचे स्वयंपाकघर चार महिने उघडे पडले, तोही सांगतोच. बिलोलीसारख्या गावात जाहिरात ती एवढीच.